फर्स्ट इयर बी.फार्म : ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी डोक्यात कशी बसवायची?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी, इथे वाचनमात्रच असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी बी.फार्म फर्स्ट इयरला आहे, पहिलं सेम चालू आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम, बारावीला बायो होतं पण तेव्हा सगळा जीव सीईटीत अडकलेला त्यामुळे बायो म्हणजे चार पर्यायांतला एक गोल काळा करणे एवढंच. आता एचएपी आहे, म्हणजे ह्यूमन ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजी, पाच युनिटं, सेल-टिश्यूपासून सुरू होतं मग स्किन, हाडं, सांधे, मग रक्त आणि लिम्फ, मग नर्व्ह्ज आणि डोळा-कान-नाक, आणि शेवटी हार्ट. सर वाईट शिकवत नाहीत पण स्लाइड इतक्या पळतात की लिहून घेऊ का ऐकू हेच कळत नाही. वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि पुस्तक मिटलं की पाटी कोरी.

हाडं प्रॅक्टिकलला हातात दिली की उजवं का डावं तेच सांगता येत नाही. आणि हिमोग्लोबिनचं प्रॅक्टिकल झालं त्यात एकाच मुलीचं तीन जणींनी काढलं तर तिघींचं वेगळं. मॅडम म्हणाल्या ह्यूमन एरर लिहा. लिहिलं. पण म्हणजे नक्की काय झालं?

कुणी या लाइनमधले असाल तर प्लीज सांगा, अभ्यास कसा केलात. पाठ करू की समजून घेऊ, दोन्ही बाजूंनी सल्ले मिळतायत.

निवांत_पाटील
वाचनखूण साठवली आहे. पुतण्या याच वर्षी डी.फार्मला लागलाय, त्यालाही लिंक पाठवतो. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

फिजिओताई
अगं आधी पुस्तक मिटून ठेव आणि स्वतःच्या अंगावर शोधायला लाग. मी बीपीटीएच (फिजिओथेरपीची डिग्री) केलंय, आम्हाला ॲनाटॉमी तुमच्यापेक्षा बरीच जास्त असते आणि डिसेक्शन हॉलपण असतो, तरी माझ्या डोक्यात जे बसलं ते हॉस्टेलच्या कॉटवर बसून स्वतःचे आणि रूममेटचे हातपाय चाचपूनच बसलं.

मान पुढे वाकव. मानेच्या मुळाशी मागे जो उंचवटा बोटाला लागतो तो बहुतेकांचा सातवा सर्व्हायकल (मानेचा) मणका. आता कमरेवर हात ठेव, भांडायला उभ्या राहिलेल्या बाईसारखे. तळव्याखाली जी हाडाची कड लागते ती इलियाक क्रेस्ट, आणि दोन्ही कडा जोडणारी आडवी रेघ मागे नेलीस की ती चौथ्या लंबरच्या (कमरेच्या मणक्याच्या) आसपास येते. गळ्याखालच्या खळगीतून बोट सरळ खाली सरकव, दोनेक इंचांवर एक आडवा उंचवटा लागेल, तिथे दुसरी बरगडी येऊन मिळते. तिथून बरगड्या मोजायच्या. पहिली बरगडी कॉलरबोनखाली लपलेली असते, ती शोधत बसू नकोस. मोजत मोजत डावीकडे पाचव्या फटीत आलीस की हार्टचा ठोका बोटाला लागतो.

कोपर टेबलावर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, ती अल्नर नर्व्ह, ह्यूमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) आतल्या बाजूच्या गाठीमागून जाते. एकदा हाताने शोधलीस की कोपराखालच्या दोन हाडांतली अल्ना कुठल्या बाजूला आणि रेडियस कुठल्या हा गोंधळ संपला, नाडी अंगठ्याच्या बाजूला बघतो तिथे रेडियस. फक्त एक सांभाळ, ॲनाटॉमीत माणूस नेहमी तळवे पुढे करून उभा असतो. हात सैल सोडून बघितलंस तर आत-बाहेरचा सगळा हिशोब उलटा होतो.

हाडवैरी
आयडीला जागून हाडांवर लिहितो. एमबीबीएस होऊन बरीच वर्षं झाली पण पोरांना बोन व्हायव्हाला (हाडांच्या तोंडी परीक्षेला) घाम फुटतो हे दृश्य अजून तेच आहे.

206 हा आकडा पाठ करायचा नसतो, त्याची बेरीज करायची असते. मधल्या खांबाची 80 : कवटी 22, कानातली बारकी 6, गळ्यातलं हायॉइड 1, मणके 26, छातीचं मधलं 1 आणि बरगड्या 24. बाकी 126. त्यात खांद्याची चार, कंबरेची दोन, आणि प्रत्येक हातात 30 तसंच प्रत्येक पायात 30. हात आणि पाय दोन्हीकडे 30 कसे आले ते एकदा कागदावर मांडून बघ. हाताला मनगटात 8, पायाला घोट्याकडे 7, पण पायाला गुडघ्याची वाटी जास्तीची, म्हणून बरोबरी होते. एवढं केलं की विसरायला जागाच राहत नाही.

मणक्यांसाठी आमच्या बॅचमध्ये यवतमाळकडच्या एका पोराने काढलेला फंडा : सातबारा. मानेचे 7, छातीचे 12. आणि उताऱ्यावर वारस किती, तर 5, हे कंबरेचे. खाली सेक्रमचे 5 मात्र अजून एकत्र कुटुंबात आहेत, ते जुळून एक. शेपटीचे बहुधा 4, तेपण जुळून एक. म्हणजे मुळात 33 पण मोठ्या माणसात मोजायचे 26. इंग्रजीतले फंडे चालतात पण हा परीक्षेच्या हॉलमध्ये आपोआप आठवतो.

उजवं-डावं ओळखायला प्रत्येक हाडाच्या तीन खुणा लागतात, वर-खाली, पुढे-मागे, आत-बाहेर. तिन्ही लागल्या की बाजू आपोआप कळते, दोनच लागल्या तर अंदाजपंचे. क्लॅव्हिकल म्हणजे कॉलरबोन घे, कारण एक्झामिनरचं ते लाडकं. एक टोक चपटं असतं, ते बाहेर, खांद्याकडे. दुसरं जाड, बोजड, ते आत छातीच्या हाडाकडे. आता आतल्या दोन-तृतीयांश भागाचा फुगवटा पुढे यायला पाहिजे. आणि खालच्या अंगाला मधोमध एक लांबट पन्हळ असते, ती जमिनीकडे. हाड तसंच धरून स्वतःच्या गळ्याशी लावायचं, ज्या बाजूला बसेल ती बाजू. डोळे मिटून अंगठा त्या पन्हळीवरून फिरव, एकदा अंगठ्याला कळलं की डोळ्याला विचारावं लागत नाही.

फीमर, म्हणजे मांडीचं हाड, सोपं आहे, गोल डोकं वर आणि आत, मागच्या बाजूला खरबरीत उभी कड. त्यात चुकणारा मी अजून पाहिला नाही. बरं, पाहिलाय एक, त्याने ते उलटंच धरलं होतं.

ओलीभेळ
सातबारा 😂😂 आमच्या तलाठी काकांना पाठवलं

जुना_मास्तर
फार्मसी कॉलेजात हाच विषय शिकवून निवृत्त झालो आहे, म्हणून थोडं कडू बोलतो.

"समजून घ्या, पाठ करू नका" हा हल्लीचा जप आहे आणि तो अर्धाच बरोबर आहे. समजून घ्यायला आधी हाताशी काही माल तर हवा. ज्या मुलाला नेफ्रॉनचे (किडनीतल्या बारीक गाळणीचे) भाग क्रमाने सांगता येत नाहीत त्याला तिथे सोडियम कुठे शोषलं जातं हे काय समजणार. आधी नावं, क्रम, आकृती, हे मुकाट्याने पाठ. रोज एक कोरा कागद, एक आकृती, पुस्तक न बघता. मग पुस्तक उघडून लाल पेनाने दुरुस्त करायची. ज्या मुलांनी हे केलं ती पास झाली, इतकंच नाही तर पुढे फार्मकॉलॉजीत उभी राहिली. बाकीची "सर कन्सेप्ट क्लिअर आहे पण लिहिता येत नाही" म्हणत एटीकेटीला बसली. लिहिता येत नाही म्हणजे क्लिअर नाही.

पेपरचा हिशोबही बघ. लेखी 75 चा. 20 मार्क छोटे प्रश्न, 10-10 चे दोन लाँग, आणि 5-5 चे सात. म्हणजे जवळपास निम्मा पेपर त्या पाच मार्कांच्या प्रश्नांचा आहे, आणि तिथे नाव दिलेली स्वच्छ आकृती आणि दहा-बारा ओळी एवढंच अपेक्षित असतं. मुलं लाँग प्रश्नाच्या मागे धावतात आणि शॉर्टला वेळ उरत नाही.

हार्टची आकृती काढताना समोर माणूस उभा आहे असं धरून काढायची, त्याचा उजवा कप्पा तुमच्या डाव्या हाताला येतो. दर वर्षी निदान चारपाच पेपरांत ट्रायकस्पिड झडप हार्टच्या डाव्या बाजूला लटकत असते. तीन पाकळ्यांची ती हार्टच्या उजवीकडे, म्हणजे कागदावर तुमच्या डाव्या हाताला, आणि दोन पाकळ्यांची मायट्रल हार्टच्या डावीकडे. आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या पल्मनरी आर्टरीला लाल रंग देऊन टाकतात, कारण आर्टरी म्हणजे लाल असं डोक्यात बसलेलं. आर्टरी म्हणजे हार्टपासून लांब नेणारी, बास. आतलं रक्त कसलं आहे त्याच्याशी तिचा संबंध नाही.

फिजिओताई
मास्तरकाका, नावं पाठ पाहिजेत हे मान्य. पण तुम्ही म्हणता तसं आधी सगळं पाठ आणि मग समज, असं केलं तर निम्मी पोरं समजेपर्यंत पोचतच नाहीत हो, पाठांतरातच दमतात. माझ्या मते फिजिओलॉजी आकड्यांनी शिकावी. साधं गणित, पाचवीतलं.

एक उदाहरण देते, माझ्या रोजच्या कामातलं आहे. तुला दुसऱ्या सेमला श्वसन येईल. माणूस शांत बसलेला, एका श्वासाला 500 मिली हवा, मिनिटाला 12 श्वास, झाले 6000 मिली. दुसरा माणूस घाबरलेला, वरवर धापा टाकतोय, श्वासाला 250 मिली आणि मिनिटाला 24. त्याचेही 6000. मग दोघंही सारखेच? नाही ना. कारण प्रत्येक श्वासातली 150 मिलीच्या आसपास हवा नाक, घसा, श्वासनळी यातच अडकते, ती गॅस बदलायच्या जागेपर्यंत पोचतच नाही. आता ती वजा कर. पहिल्याचे 350 गुणिले 12 म्हणजे 4200. दुसऱ्याचे 100 गुणिले 24 म्हणजे 2400. मेहनत दुप्पट आणि कमाई जवळजवळ निम्मी. पेशंटला "हळू आणि खोल घ्या" का सांगतात ते या दोन ओळींत आलं. त्या 150 मिलीच्या जागेला डेड स्पेस म्हणतात, तिची व्याख्या मी कधी पाठ केल्याचं आठवत नाही, ती या गणितातूनच राहिली.

जुना_मास्तर
गणित उत्तम आहे. पण त्यातले 500 आणि 150 पाठच केलेत ना तुम्ही? :)

फिजिओताई
काका 🙏😄

हाडवैरी
दोघांच्या मधे पडतो. हार्टचंही असंच गणित आहे आणि ते तर इतिहासातलं आहे. एका ठोक्याला साधारण 70 मिली, मिनिटाला 72 ठोके, म्हणजे पाच लिटर. अंगात एकूण रक्तही पाचेक लिटरच. म्हणजे विश्रांतीत सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारून येतं. दिवसाचे सात हजार लिटरच्या वर जातात. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने 1628 साली रक्ताभिसरण मांडलं तेव्हा त्याचा मुद्दा याच जातीचा होता. त्याआधी लोक समजायचे की रक्त लिव्हरमध्ये खाल्लेल्या अन्नापासून सतत तयार होतं आणि अंगात वापरून संपतं. हार्वेने हिशोब केला, ठोक्याचे आकडे त्याने मुद्दाम कमी धरले तरी तासाभरात इतकं रक्त बाहेर पडतं की तेवढं कुठलंही अन्न बनवू शकणार नाही. मग ते परत येतच असलं पाहिजे. तेव्हा आर्टरी आणि व्हेनला (हार्टकडे परत आणणाऱ्या वाहिनीला) जोडणाऱ्या बारीक कॅपिलरी त्याला दिसल्यासुद्धा नव्हत्या, त्या माल्पिघीने मायक्रोस्कोपखाली 1661 मध्ये पाहिल्या.

किडनीचं गणित दुसऱ्या सेमला स्वतः करून बघ. मिनिटाला 125 मिली गाळलं जातं, 1440 ने गुण, 180 लिटर येतात. लघवी होते दीड लिटर. उरलेलं गेलं कुठे, या एका प्रश्नावर अख्खं युनिट उभं आहे.

रिटेलवाला
सगळं छान चाललंय पण एक स्पष्ट बोलू का. माझं मेडिकल स्टोअर आहे, बी.फार्म करून बरीच वर्षं झाली. काउंटरवर आजपर्यंत एकाही गिऱ्हाईकाने मला ट्रायकस्पिड कुठल्या बाजूला असते विचारलं नाही. ॲनाटॉमी पास होण्यापुरती कर आणि फार्मास्युटिक्स, ज्युरिस्प्रुडन्स (औषधांचे कायदे) नीट कर. प्रॅक्टिकल सल्ला आहे, राग मानू नये.

हाडवैरी
राग कसला. पण एक विचारतो, बी.पी.साठी ॲम्लोडिपिन घेणारे किती जण येऊन "पाय सुजलेत हो" म्हणतात?

रिटेलवाला
आठवड्याला दोनतीन तरी.

हाडवैरी
मग ऐका. ती गोळी बारीक आर्टरी सैल करते, तितक्या प्रमाणात व्हेन सैल होत नाहीत. म्हणजे कॅपिलरीत येणारा दाब वाढला, बाहेर जायची वाट तशीच, पाणी भिंतीतून बाहेर झिरपलं. आणि उभं राहिल्यावर सगळ्यात जास्त दाब घोट्याला, म्हणून सूज तिथे. पहिल्या सेममध्ये कॅपिलरीतली देवाणघेवाण शिकवतात, ती हीच. ज्याला हे माहीत आहे तो केमिस्ट "हे गोळीमुळे असू शकतं, डॉक्टरांना दाखवा, स्वतःहून बंद करू नका" म्हणतो. ज्याला माहीत नाही तो लघवीची गोळी काढून देतो. तुम्ही पहिल्यातले असणार, खात्री आहे.

तसंच बी.पी.च्याच प्रेझोसिन गोळीचं. पहिला डोस रात्री झोपताना घ्या आणि उठताना हळू उठा हे सांगतो ना आपण? माणूस आडव्याचा उभा झाला की रक्त पायात साचतं, वरचं प्रेशर घसरतं. मानेतल्या कॅरोटिड सायनसमधले आणि एओर्टाच्या (हार्टमधून निघणाऱ्या मुख्य आर्टरीच्या) कमानीतले बॅरोरिसेप्टर, म्हणजे प्रेशर ओळखणारी नर्व्हची टोकं, ते ओळखतात, ब्रेनस्टेमला कळवतात, तिथून रक्तवाहिन्या आवळायचा आणि हार्ट पळवायचा हुकूम सुटतो. या गोळीने आवळायचा रस्ताच बंद केलेला असतो, मग माणूस चक्कर येऊन पडतो. @गोदाकाठची, घरी करून बघ, पाच मिनिटं झोपून नाडी मोज, मग उभी राहून लगेच मोज. वाढलेली दिसेल. हा रिफ्लेक्स आकृतीत बाणांनी काढता येतोच, पण स्वतःच्या मनगटावर एकदा दिसला की बाण चुकत नाहीत.

रिटेलवाला
सूजेचं कारण नव्हतं माहीत, थँक्स. ट्रायकस्पिडवर मात्र ठाम आहे.

ब्लडबँकेतला
हिमोग्लोबिनचं कुणीच घेतलं नाही, ते माझं खातं. गोदाकाठची, तुमच्याकडे साहलीची पद्धत असणार, तपकिरी काचेच्या दोन पट्ट्यांच्या मधे ट्यूब उभी करायची ती. ह्यूमन एरर लिहा हे फार सोपं उत्तर आहे, एरर कुठे झाली ते शोधता येतं.

पहिली जागा बोट. सुई नीट टोचली नाही म्हणून मुली बोट पिळतात. पिळलं की रक्ताबरोबर टिश्यूतलं पाणी येतं, हिमोग्लोबिन कमी दिसतं. नीट टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा आपोआप गोल मोठा होऊ द्यायचा. स्पिरिट वाळलेलं पाहिजे. आणि सुई प्रत्येकाची वेगळी, नवीन, यात हयगय करणारी लॅब असली तर सरळ हात मागे घे.

दुसरी जागा पिपेट. 20 च्या खुणेपर्यंत ओढायचं असतं, मध्ये बुडबुडा आला की ते सोडून परत. बाहेरून लागलेलं रक्त पुसायचं, पण टोकाला कापूस लावला की आतलं शोषून घेतो, तिथे गेलं तुझं अर्धा ग्राम. मग ट्यूबमध्ये आधीच तळाच्या खुणेपर्यंत घेतलेल्या एन बाय टेन हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये रक्त सोडायचं, त्यातच पिपेट दोनतीनदा आतबाहेर करून धुवायचं.

तिसरी जागा, आणि सगळे इथेच घाई करतात, दहा मिनिटं थांबणं. ॲसिडने हिमोग्लोबिनचं ॲसिड हिमॅटिन होतं, तो तपकिरी रंग पूर्ण यायला वेळ लागतो. लवकर पाणी घातलं तर रंग फिका, लवकर जुळतो, रीडिंग कमी. चौथी, डिस्टिल्ड वॉटर थेंब थेंब. शेवटी शेवटी एकेक थेंब, प्रत्येक वेळी काचकांडीने हलवून, कांडी द्रवाच्या वर उचलून पण ट्यूबबाहेर न काढता. पट्ट्यांशी रंग जुळवताना ट्यूबवरचे आकडे समोर येऊ देऊ नयेत, नजर आकड्यावर जाते आणि मन हवा तो आकडा जुळवतं. खिडकीच्या उजेडात बघ, पिवळ्या बल्बखाली नको. तिघींचं वेगळं आलं त्यात निम्मा वाटा बहुतेक या रंग बघण्याचाच असणार, डोळे ज्याचे त्याचे. म्हणूनच आता लॅबमध्ये ही पद्धत सहसा कुणी वापरत नाही, मशिन आहेत. पण हात तयार व्हायला चांगली आहे.

अवांतर : ब्लड ग्रुपचं प्रॅक्टिकल आलं की व्हायव्हात हमखास बॉम्बे ब्लड ग्रुप विचारतात. 1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. या लोकांच्या लाल पेशींवर एच अँटिजेनच नसतो, आणि ए किंवा बी तयार व्हायला आधी एच लागतो. त्यामुळे स्लाइडवर अँटी-ए टाका, अँटी-बी टाका, गुठळी होत नाही, आपण ओ लिहून मोकळे. पण त्यांच्या सीरममध्ये अँटी-एच असतं, म्हणजे ओ ग्रुपचं रक्त दिलं तरी रिअ‍ॅक्शन येणार. त्यांना फक्त बॉम्बे ग्रुपचंच चालतं. भारतात साधारण दहा हजारांत एक सांगतात. "ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं" असं उत्तर दिलंस की एक्झामिनर हसतो तो यासाठी. सीरमची उलट तपासणी ओ पेशींबरोबर केली की हे पकडलं जातं, म्हणून ब्लड बँकेत दोन्ही बाजूंनी ग्रुप करतात.

ओलीभेळ
ब्लडबँकेतला यांचा प्रतिसाद आवडला. माझा ओ पॉझिटिव्ह आहे, आता टेन्शन आलं उगाच.

ब्लडबँकेतला
रक्तदान करा, दोन्ही बाजूंनी तपासून मिळेल आणि कामालाही येईल.

जर्सीकर_मावशी
उशिरा आले धाग्यावर. मी चाळिशीनंतर इकडे न्यू जर्सीत नर्सिंगला जायचं ठरवलं, त्यासाठी कम्युनिटी कॉलेजात ए अँड पी वन आणि टू करावे लागले, आधी ते, मग नर्सिंगला ॲप्लाय. सिलॅबस तुमच्यासारखाच पण परीक्षेची तऱ्हा निराळी. लॅब प्रॅक्टिकल म्हणजे टेबलांवर मॉडेल, हाडं, मेंढीचं हार्ट मांडलेलं, प्रत्येकावर टाचणी आणि नंबर. एका टेबलापाशी एखादं मिनिट, बेल वाजली की पुढे सरकायचं. विचार करायला वेळच नाही, आणि स्पेलिंग चुकलं की मार्क गेले. त्या परीक्षेने मला मास्तरकाकांच्या पार्टीत नेऊन बसवलं. मोबाइलवर मॉडेलचे फोटो काढायचे, नावं झाकायची, बसमध्ये ओळखत बसायचं. पण लेखीत मात्र सगळे प्रश्न "पेशंटला अमुक झालं तर तमुक वाढेल का कमी होईल" असे, तिथे पाठांतराचा काडीचा उपयोग नाही, तिथे मी फिजिओताईंच्या पार्टीत.

मेंढीचं हार्ट हातात घेतलं तेव्हा एक गोष्ट चित्रात कधीच नीट कळली नव्हती ती कळली. डाव्या व्हेंट्रिकलची (खालच्या कप्प्याची) भिंत उजव्याच्या दोनतीन पट जाड असते. बोटात धरलं की उजवी बाजू दबते, डावी घट्ट. उजवीला फक्त शेजारच्या फुप्फुसात ढकलायचंय, डावीला पार पायाच्या अंगठ्यापर्यंत. तुम्हाला तिकडे मिळत असेल तर मटणवाल्याकडून बकऱ्याचं हार्ट आण, उभं काप, सगळ्या झडपा आणि त्यांच्या दोऱ्या डोळ्यांनी बघ. घरचे शाकाहारी असतील तर माझी जबाबदारी नाही.

गोदाकाठची
मावशी घरचे माळकरी आहेत, मैत्रिणीकडे करावं लागेल 😄

जुना_मास्तर
मावशींनी छान सुचवलं. आमच्या वेळी बेडूक होते. नर्व्ह-मसल प्रिपरेशन, पोटरीचा स्नायू आणि सायॅटिक नर्व्ह, किमोग्राफच्या ड्रमवर धुराने काळा केलेला कागद, त्यावर सुईने आकुंचनाची पांढरी रेघ उठायची, मग तो कागद व्हार्निशमध्ये बुडवून वाळवायचा. हात, नाक, शर्ट सगळं काळं. आता सिम्युलेशन आहे आणि बेडूक वाचले याचं मला वाईट वाटत नाही. पण स्क्रीनवर बटण दाबलं की ग्राफ दर वेळी तस्साच येतो. खऱ्या प्रिपरेशनला स्नायू दमायचा, ग्राफ बसायचा, आणि "का बसला" हे विचारावंच लागायचं. सिम्युलेशन करताना आकडे मुद्दाम बदलून बघा, नुसता दाखवलेला ग्राफ जर्नलमध्ये उतरवू नका.

बी.पी. च्या प्रॅक्टिकलबद्दल एक ओळ. कान लावायच्या आधी मनगटाची नाडी धरून कफ फुगवा, नाडी गेली तो आकडा लक्षात ठेवा, त्याच्या 30 वर न्या, मग स्टेथो. काही लोकांत आवाज मध्येच गायब होऊन खाली परत येतो, सरळ स्टेथो लावलं तर वरचा आकडा खूपच कमी धरला जातो. आणि हात हार्टच्या पातळीला. हात 10 सेंमी खाली लोंबला तर 7-8 मिमी फुकट वाढतात. मुलं टेबलाखाली हात सोडून एकमेकांचं बी.पी. घेतात आणि अख्ख्या बॅचला हायपरटेन्शन निघतं.

निवांत_पाटील
पुतण्याने धागा वाचून उत्तर दिलं, "काका यात इंपॉर्टंट क्वेश्चन कुठेत?" कठीण आहे.

गोदाकाठची
सगळ्यांचे खूप आभार, क्लॅव्हिकल रूमवर आणलंय (परवानगीने!) आणि पन्हळ सापडली. डावं आहे. कोरा कागद सुरू केलाय, कालची हार्टची आकृती निम्मी लाल पेनाने भरली, तरी चालू ठेवते.

अजून एक शंका. डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) काउंटला मॅडमनी फॉर्म्युला दिला, मोजलेल्या पेशी गुणिले 50. आरबीसीला (लाल पेशी) गुणिले 10,000. हे 50 कुठून आलं? विचारलं तर म्हणाल्या फॉर्म्युला आहे.

ब्लडबँकेतला
फॉर्म्युला नाही, गणितच आहे, फिजिओताईंच्या पाचवीतलं. डब्ल्यूबीसी पिपेटला रक्त 0.5 पर्यंत आणि फ्लुइड 11 पर्यंत घेतेस. नळीतला 1 भाग बल्बमध्ये मिसळतच नाही, म्हणून मिश्रण 10 भाग धरायचं, त्यात रक्त 0.5, म्हणजे 20 पट पातळ. आता चेंबर, म्हणजे पेशी मोजायची रेघा आखलेली काच. कोपऱ्यातले चार मोठे चौकोन मोजतेस, प्रत्येक 1 मिमी बाय 1 मिमी, खोली 0.1 मिमी. चारांचं आकारमान 0.4 घन मिमी. म्हणजे जितक्या पेशी मोजल्या त्याला 0.4 ने भागून 20 ने गुणायचं. 20 भागिले 0.4, आले 50.

आरबीसीला बल्ब 101 चा, म्हणून 200 पट पातळ. मधल्या भागातले पाच चौकोन, प्रत्येक 0.2 बाय 0.2, खोली तीच. ते आकारमान 0.02 येतं का बघ, आणि पुढचं भागून इथे टाक.

गोदाकाठची
200 भागिले 0.02 = 10,000!! हे का नाही सांगत कुणी वर्गात

जुना_मास्तर
सांगतात, शेवटचा तास असतो आणि सगळ्यांना बस पकडायची असते.

मोजताना वरच्या आणि डाव्या रेघेवर बसलेल्या पेशी धरायच्या, खालच्या आणि उजव्या सोडायच्या, नाहीतर सीमेवरच्या दोनदा मोजल्या जातात. आणि मायक्रोस्कोपचा कंडेन्सर खाली घे, उजेड कमी कर. भगभगीत उजेडात चेंबरच्या रेघा दिसत नाहीत आणि मुलं चौकोन शोधण्यातच तास घालवतात. चार चौकोनांतल्या आकड्यांत फार तफावत आली तर मोजत बसू नकोस, चेंबर धुवून परत चार्ज कर, पिपेट नीट हलवलेलं नाही.